साहेबांचा खांदा वळला

आमच्या महिला मजूर सहकारी संस्थेची मीटिंग आजवर एकदाही वेळेवर सुरू झालेली नाही, आणि चेअरमन मीच असल्यामुळं दोष दुसऱ्या कुणाला देताही येत नाही. अकराची मीटिंग. साडेअकराला कोरम भरतो. मग कुणीतरी म्हणतं, "मंदाताई, ते एमडी साहेबांचं सांगा की!" झालं! दुपारचा दीड वाजतो.

किस्से असेच साठत जातात. कोरड्या तळ्याच्या भेगेत एका बॉलसाठी हात घालावा तर तीन हाताला लागायचे, तसं. माझं शिक्षण चौथी. प्रोसिडिंग लिहिण्यापुरतं अक्षर बरं आहे. म्हटलं, एकदाचं लिहूनच काढावं. मीटिंग तरी वेळेवर होईल.

०

आमचा साखर कारखाना सहकारी. त्याच्या मागं कारखान्याचं तळं. तळ्यात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या घरटी एकाला कामावर घेतलं. आमच्या घरातून मी लागले, बागेत. आम्ही पाचजणी होतो. त्यात सगळ्यात वडील केसरकाकू, आणि सगळ्यात तोंडाळ मी.

दुष्काळाच्या त्या वर्षी ऊसच नव्हता, म्हणून बॉयलर पेटला नाही. बाग वाळली. तळ्याचा तळ उघडा पडला. एमडी साहेब नवीनच आले होते, पुण्याकडचे. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेली, बंगल्यात एकटेच. एका सकाळी ते खांद्याला लांबडी पिशवी लावून तळ्यात उतरले. पिशवीतून एक काठी काढली आणि खाली मान घालून जमिनीकडं एकटक बघत उभे राहिले.

आता तुम्हीच सांगा. कोरडं तळं, हातात काठी, नजर जमिनीत. आमच्याकडं असा माणूस एकच असतो. पाणाड्या! जमिनीतलं पाणी दाखवणारा!

दहा मिनिटांत बांधावर पन्नास माणूस जमलं. साहेब काठीचं टोक बारीक बारीक हलवत होते. केसरकाकू कुजबुजली, "मंदे, पाणी लागलं बघ. काठी कशी थरथरायलीय!"

मग साहेबांनी काठी मागं नेली आणि गर्रकन फिरवली. काहीतरी पांढरं उडालं आणि लांब जाऊन पडलं. बांधावर चिडीचूप. एवढ्यात आमच्या वर्कशॉपचे फिटर हमीदभाई पळत सुटले आणि ते पांढरं जिथं टेकलं तिथं दगड ठेवून आले. खूण!

दुसऱ्या दिवशी साहेब आले तर त्या दगडाला हळदकुंकू लावलेलं, पुढं नारळ फोडलेला, आणि "साहेब, किती फुटावर लागंल?" म्हणून विचारायला तिघंजण उभे!

०

ती काठी गोल्फ नावाच्या खेळाची आणि ते पांढरं म्हणजे त्याचा बॉल, हे मग कळलं. बाग नाही तर बॉल वेचा, असं साहेबांनी आम्हाला काम दिलं. आम्ही तळ्यात लांब लांब उभ्या राहायचो. मला मधला पट्टा मिळाला. मिळाला काय, मीच मागून घेतला. तो आमचाच तुकडा होता. तीन एकर. लग्न होऊन आले ती त्याच रानात. उंचवट्याचं, म्हणून गाळाखाली गेलं नव्हतं; कुठं काळी माती, कुठं मुरूम, सगळं पायाला पाठ.

पहिल्या महिन्यात तळ ओलसर होता. बॉल पडला की थपकन रुतायचा. दुसऱ्या महिन्यात वर टणक पापडी धरली. बॉल टणाटण उड्या मारत पळायला लागला. साहेब खूश! फोनवर कुणाला तरी सांगत होते, "तीस यार्ड वाढलेत! ग्रिप बदलली ना!"

मग ऊन चढलं आणि काळी माती फाटली. कोपरापर्यंत हात जाईल एवढ्या भेगा. बॉल पडला की जागीच गुडूप! आम्ही वाकवलेल्या तारेनं काढायचो. साहेबांचं अंतर घटलं. साहेब उदास. मोबाईलवर व्हिडिओ बघायचे, काठ्या बदलायचे, कमरेला पट्टा बांधायचे. त्यांना वाटायचं हात बिघडला.

मला राहवेना. म्हटलं, "साहेब, एक बोलू का? तुमचा हात हाय तसाच हाय. लांब जात होता तवाबी तसाच होता. भुई बदलली."

"म्हणजे?"

"बॉल पयला टेकतो ती जागा मी रोज बघते. ती चार महिन्यांत चार पावलंसुद्धा हालली न्हाई."

साहेबांनी काठी पिशवीत घातली. मग म्हणाले, "मंदाबाई, तुम्ही फार वाईट बोलता."

"खरं बोलते."

"तेच म्हणतोय मी."

०

आता गाळाचं सांगते, कारण सगळं त्यावरच अडलं होतं.

तळं गाळानं अर्धं बुजलेलं. गाळ काढायचा तर तळं कोरडं असतानाच काढावा लागतो, म्हणजे दुष्काळातच. आमच्या गावच्या विहिरी आणि बोअर तळ्याच्या पाझरावर. गाळ तसाच राहिला तर पाऊस पडला तरी संक्रांतीला खडखडाट, आणि मग आम्ही बायका टँकरमागं. कळशीसाठी मी त्या उन्हाळ्यात सख्ख्या जावेच्या झिंज्या धरल्या होत्या. मला ते परत नको होतं.

ट्रॅक्टरवाले तयार होते. गाळ फुकट न्यायचा, आपल्या रानात टाकायचा. हमीदभाईंचा भाऊ खोदायचं मशीन आणायला तयार होता. फक्त तळं कारखान्याचं, म्हणून साहेबांच्या सहीचं पत्र पाहिजे. आम्ही पाचजणी ऑफिसात गेलो.

साहेब खिडकीतून तळ्याकडं बघत बोलले. "खोदाई सुरू झाली की माझं ग्राउंड संपलं. ती मधली जुनी विहीर दिसते ना? तिच्यापलीकडं माझा एक बॉल जाऊ द्या. एकच. त्याच दिवशी सही करतो."

"आन् न्हाईच गेला तर?"

साहेब वळले. चेहरा थट्टेचा नव्हता. "पंधरा वर्षांपूर्वी मी एवढं अंतर सहज मारायचो, मंदाबाई. आता इथं आलो आणि कारखाना बंद पडला. पाऊस नाही, ऊस नाही, मी करणार तरी काय? इथून जाताना एक गोष्ट तरी पुरी करून जाऊ द्या मला."

माझं डोकं सटकलं. "साहेब, गावाचं पाणी तुमी त्या काठीला टांगलंय, समजतंय का?"

"समजतंय," साहेब म्हणाले. पण सही केली नाही.

बाहेर आल्यावर केसरकाकूनं विचारलं, "मंदे, आता गं?"

मी म्हटलं, "आता काय! साहेबाला खेळ शिकवायचा!"

०

खेळ शिकवायचा, पण येतो कुणाला? तेव्हा पाटोद्याच्या बाजारात मला संपत दिसला. माझ्या माहेरच्या गावचा. वीस वर्षं पुण्याला गोल्फ खेळणाऱ्या साहेबलोकांच्या पिशव्या उचलायचा. कॅडी म्हणतात त्याला. पाठ गेली म्हणून गावी परत आलेला. त्याला हाताला धरूनच आणला.

साहेबांनी विचारलं, "तू स्वतः किती लांब मारतोस?"

संपत म्हणाला, "मी एकदाबी मारला न्हाई साहेब. आमाला हात लावायची परवानगी न्हवती."

"मग शिकवणार काय?"

"वीस वर्षं दुसऱ्याच्या चुका खांद्यावर वाहिल्यात. तेवढ्या सांगतो."

साहेबांना उत्तर आवडलं असावं. त्यांनी एक मारून दाखवला. संपतनं मान हलवली. "साहेब, काठीचा गळा दाबू नका. बाजारात लेकराचं बोट धरतो तसं धरा. दुखू नये, सुटू नये."

मग म्हणाला, "मागं जाताना घाई नको. खांदा पुरा वळवा, पाठ विहिरीकडं झाली पायजे. येताना आधी कंबर, मग खांदा, हात सगळ्यात शेवटी. आन् लांब जायचं असंल तर जोर कमी करा."

आम्ही पाचजणी एकमेकींकडं बघत राहिलो. लांब मारायचं तर जोर कमी? केसरकाकू म्हणाली, "मंदे, ह्याची नुसती पाठ न्हाई गेली गं!"

पण त्या दिवशी बॉल पहिल्यांदाच नवीन जागी टेकला. दहा पावलं पुढं. मी तिथं टाचेनं रेघ मारली, आणि त्या रात्री मला बरी झोप लागली.

०

विहिरीची अट गावात कळली आणि बांधावर जत्रा भरायला लागली. ट्रॅक्टर रिकाम्या ट्रॉल्या लावून ओळीनं उभे. ज्यांनी जन्मात हा खेळ बघितला नव्हता ते आठ दिवसांत उस्ताद झाले!

"साहेब, कंबर कावून अडवायलात?"

"मुंडी वर करू नका बे... आपलं, साहेब!"

हमीदभाई फिटर माणूस. त्यांचं वेगळंच. "साहब, गुडघ्याचं बेअरिंग जाम हाय! थोडं ढिलं सोडा!"

साहेब घामाघूम. पण एकालाही रागावले नाहीत. उलट प्रत्येकाचं ऐकायचे, आणि सगळ्यांचं ऐकून मारलेला बॉल कुठं जायचा ते विचारू नका. एकदा तर मागं उभ्या असलेल्या संपतच्या पायाशी आला!

शेवटी एका म्हाताऱ्यानं बांधावरून आरोळी दिली, "साहेब, मृगाला बारा दिस राह्यले!" नेमकी काठी वर गेलेली. साहेब दचकले. काठी बॉलच्या वरून गेली आणि वाऱ्यानंच बॉल त्याच्या बोटभर खुंटीवरून खाली पडला.

बांधाच्या टोकाला उभ्या असलेल्याला दिसलं नव्हतं. तो ओरडला, "गेला का विहिरीपल्याड?"

संपत ओरडला, "निघाला!"

त्या दिवशी मी हातात तार घेऊन बांधावर चढले आणि सगळा बांध रिकामा केला. तार वापरावी लागली नाही. पण तयारी होती.

०

केसरकाकूला संपतचं ते 'आधी कंबर, हात शेवटी' दोन दिवस कळेना. तिसऱ्या दिवशी ती एकदम म्हणाली, "अगं, हे तर धुणं हाय!"

ती तडक साहेबांपुढं उभी राहिली. "साहेब, ओली गोधडी दगडावर कशी आपटत्यात बघितलंय का? नुसत्या हातानं आपटली तर खांदे मोडत्यात. कमरंतून झोका द्यायचा. हात दोरीसारखे ढिले. ताकद लागती ती दगडापाशी, आधी न्हाई."

साहेब म्हणाले, "दाखवा."

"दाखवते. पर गोधडी भिजवायला पाणी कुठंय?"

साहेबांनी बंगल्यातून दोन बादल्या पाणी मागवलं. काकूनं घरून गोधडी आणली. थेंबभरही पाणी वाया न घालवता भिजवली आणि साहेबांच्या हातात दिली. एमडी साहेब, कारखान्याचे, पँट दुमडून दगडापुढं उभे! पहिली आपटी स्वतःच्या पोटरीवर बसली. दहावी दगडावर बसली. विसाव्या आपटीला जो आवाज निघाला, तो ऐकून संपत टाळ्या वाजवायला लागला. "ह्योच! ह्योच आवाज!"

घाम पुसत साहेबांनी काठी घेतली, मारला. वीस पावलं पुढं! साहेब लेकरासारखे हसले. ते इथं आल्यापासून आम्ही तसं हसणं पहिल्यांदा बघितलं.

काकू गोधडी पिळत म्हणाली, "चांगली निघाली. साहेब, उद्या सतरंजी आणू का?"

०

तरी विहीर तीस पावलं राहिलीच. आणि साहेबांचं वय काही कमी होणार नव्हतं.

एका सकाळी खेळ झाल्यावर साहेब माझ्याशेजारी ढेकळावर येऊन बसले. पाण्याची बाटली पुढं केली. मी घेतली नाही. रागातच होते.

"मंदाबाई, तुम्ही रोज बॉल वेचताना मधेच थांबता. काय बघता?"

म्हटलं, "माझं रान बघते. तुमी उभं राहून मारता ना, तिथं आमचा गोठा होता. ही विहीर सासऱ्यानं खणली. आन् विहिरीच्या अलीकडं, डाव्या अंगाला, ते सपाट दिसतंय का? ते आमचं मळणीचं खळं. दरसाल मी आन् सासू चोपून, शेणानं सारवून आरशासारखं करायचो. ज्वारीचा दाणा पडला तर हातभर उडायचा. तिथनं विहिरीकडं मुरमाची गाडीवाट हाय. ती अजून फाटली न्हाई बघा."

साहेब बघत राहिले. चष्मा पुसला, परत बघितलं. मग उठले आणि आपली खुंटी उपटून चार पावलं बाजूला रोवली.

"कावून हो?"

"तुमच्या गोठ्यात उभं राहणं बरं वाटत नाही."

आता या माणसावर रागवायचं कसं? मी म्हटलं, "गोठा न्हाई आता, साहेब. ऱ्हावा उभं." आणि बाटलीतलं दोन घोट पाणी प्याले.

०

मृगाला चार दिवस राहिले. पश्चिमेकडनं ढगांची येजा सुरू झाली. त्या सकाळी साहेब गेल्यावर मी संपतला विचारलं, "खरं सांग. जाईल का?"

संपत पायानं माती उकरत म्हणाला, "स्विंग आता झकास हाय ताई. पर शरीरात तेवढंच बसतं. भुईनं साथ दिली तर..."

मी खळ्याकडं बघितलं. केसरकाकूनं माझ्याकडं बघितलं. खळं परत सारवायचं ठरलं.

अडचण शेणाची. गावात जनावर नव्हतं, सगळी सहा मैलांवर चारा छावणीत. आम्ही पाचजणी पाट्या घेऊन छावणीत गेलो. तिथला कारकून मोठा चौकस. "एवढं शेण कशाला? सणवार तर काही न्हाई."

मी कारण शोधत होते, तोवर केसरकाकू म्हणाली, "आमच्या साहेबाचा स्विंग सुधारायचाय!"

कारकून काकूकडं बघत राहिला. मग कुणालातरी हाक मारून म्हणाला, "ह्या बायांना द्या रे पायजे तेवढं. आन् सावलीत बसवा, ऊन लागलंय."

तीन दिवस साहेब मीटिंगसाठी जिल्ह्याला गेले होते, ते बरंच झालं. आम्ही खळ्याच्या भेगा मुरमानं बुजवल्या, धुमसाच्या जड ठोकळ्यानं चोपलं, जुन्या मापाच्या तिप्पट केलं. सारवायला पाणी लागतं. टँकरचं आपापल्या वाट्याला आलेलं, त्यातनं प्रत्येकीनं रोज एक तांब्या आणला. घरी पोरांना काय सांगितलं ते कुणी कुणाला विचारलं नाही. मी बारा वर्षांनी त्या खळ्यावर हात फिरवत होते. सासूचा हात कसा गोल जायचा, तसाच माझा जायला लागला. शेवटचा हात चौथ्या दिवशी उजाडता उजाडता मारला आणि तारा घेऊन आपापल्या जागी जाऊन उभ्या राहिलो.

०

साहेब आले. संपतनं त्यांचे पाय जरासे डावीकडं वळवले. "साहेब, आज त्या लिंबाकडं बघून मारा."

"का?"

"वारा हाय."

वारा नव्हता. तरी साहेब लिंबाकडं वळले.

पहिला बॉल खळ्याच्या अलीकडं. दुसरा उजवीकडं. दहा झाले, वीस झाले. एकही खळ्यावर नाही! पश्चिमेला काळं झालेलं. बांधावर माणसं परत जमली होती, पण एक आवाज नाही. तीस झाले. साहेबांचा शर्ट पाठीला चिकटला. पिशवीत शेवटचे चार बॉल राहिले तेव्हा संपत जवळ जाऊन एवढंच म्हणाला, "साहेब, विहीर विसरा. नुसतं धुणं धुवा."

साहेब थांबले. खांदे सैल सोडले. काठी सावकाश मागं गेली, पाठ पुरी आमच्याकडं झाली, मग कंबर आली, मग बाकी सगळं. आवाज दगडावरच्या गोधडीचा.

बॉल माझ्या डोक्यावरून आला. खळ्यावर टेकला. ठण्! तिथनं जो उडाला तो गाडीवाटेवर, गाडीवाटेवरून दुसरी उडी, तिसरी, विहिरीचा कठडा मागं टाकून पलीकडं पंधरा पावलं!

बांधावर जो गलका झाला! हमीदभाईंनी ट्रॅक्टरचे हॉर्न वाजवायला लावले. केसरकाकू मटकन खाली बसली आणि रडायला लागली.

रोज बॉल आम्ही आणायचो. त्या दिवशी साहेब म्हणाले, "थांबा, मी जातो." एवढं लांब चालत गेले. खळ्यापाशी पोचल्यावर त्याला वळसा घालून गेले. बॉल उचलला, हातात धरून बघितला आणि खिशात टाकला.

परत आल्यावर त्यांनी संपतला विचारलं, "आज वेगळं काय झालं?"

संपत खाली बघत म्हणाला, "खांदा वळला, साहेब."

"हं," साहेब म्हणाले. माझ्याकडं वळून हात पुढं केला. "पत्र आणलंय ना?"

पत्र मी रोजच पदरात बांधून नेत होते. साहेबांनी ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवून सही केली. कागदाच्या कडेला माझ्या बोटांचे हिरवट डाग पडले होते. त्यांनी ते बघितलं आणि पेन मला देऊन टाकला.

मृगाचा पाऊस चार दिवस उशिरा आला. तेवढ्यात पुरुषभर खोल गाळ निघाला होता.

०

साहेब रिटायर होऊन गेले. संपत आता कारखान्याच्या गेटवर आहे. केसरकाकूची गोधडी अजून टिकून आहे, आणि ती कुणालाही सांगते की ही एमडीनं धुतलीय.

मागच्या वर्षी साहेब आले होते, कारखान्याच्या कसल्यातरी कार्यक्रमाला. हातात काठी होती, पण टेकायची. मला निरोप पाठवला, "बांधावर या." गेले. तळं काठोकाठ भरलेलं. विहीर, गाडीवाट, खळं, सगळं पाण्याखाली. वाऱ्यानं लाटा दगडांवर येत होत्या.

"टँकर?" साहेबांनी विचारलं.

"त्या सालापास्नं न्हाई."

त्यांनी खिशातून रुमाल काढला. रुमालात बॉल. पिवळट पडलेला, आणि एका अंगाला वाळलेला हिरवट तपकिरी डाग. "पुण्याला कपाटात असतो," साहेब म्हणाले. "मित्र विचारतात, हा धूत का नाहीस."

मी त्या डागावर बोट फिरवलं, सासूचा हात जायचा तसं, गोल.

साहेब पाण्याकडं बघत म्हणाले, "मंदाबाई, त्या उन्हाळ्यात या तळ्यात एकसुद्धा जनावर नव्हतं ना?"

"न्हवतं, साहेब. समदी छावणीत होती."

"मग खांदाच वळला असेल," साहेब म्हणाले, आणि बॉल परत रुमालात गुंडाळून खिशात ठेवला.